वेग वाढला, पण लाइन तुटते

भंडाऱ्याच्या माणसाला तांब्या-पितळेची ओळख करून द्यायला नको. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं आणि ओलाव्यात पडलेल्या तांब्यावर हिरवा थर चढतो, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. हाच हिरवा थर घरातल्या इंटरनेटच्या मुळावर येतो, हे मात्र चटकन लक्षात येत नाही.

तक्रार ठरलेली असते. दोन मेगाबिटची योजना होती तोवर लाइन कधी गेली नाही. जास्त पैसे भरून आठ मेगाबिट घेतलं आणि तासातून चारदा तुटायला लागली. नेमका शेवटच्या तारखेला मुलीचा परीक्षेचा फॉर्म अर्ध्यावर अडकतो. फोनवर तर स्पष्ट बोलता येतं, मग तार खराब कशी, असं आपण विचारतो.

गोम तिथेच आहे. बोलण्याला सुमारे ४ किलोहर्ट्झपर्यंतच्या लहरी पुरतात. त्याच तारेवरून इंटरनेट आणणारं एडीएसएल तंत्र १.१ मेगाहर्ट्झपर्यंत जातं, त्याची सुधारलेली आवृत्ती २.२ मेगाहर्ट्झपर्यंत. लहर जितकी वरची तितकी ती तारेत लवकर विरते. आणि वेग वाढवायचा म्हणजे या लहरींवर जास्त ओझं लादायचं. आठवडी बाजारात एखाद्याशी सावकाश बोललं तर गोंगाटातही समजतं. घाईने बोललं की समोरचा ‘काय म्हणालात?’ करतो. मोडेमचंही तसंच आहे. फार शब्द निसटले की तो बोलणं तोडतो आणि पुन्हा नमस्कारापासून सुरुवात करतो. लाइन तुटते म्हणजे हेच.

हे काही नवीन नाही. २००४ सालच्या सरकारी धोरणात २५६ किलोबिट वेगालाही ब्रॉडबँड म्हटलं होतं. २००७च्या जानेवारीत भारत संचार निगमने हा वेग २ मेगाबिटपर्यंत नेला. म्हणजे जवळजवळ आठपट. खांबावरची तार मात्र आधी होती तीच.

मोडेमच्या माहितीच्या पानावर ‘नॉइज मार्जिन’ नावाचा आकडा असतो. गोंगाट वाढला तरी लाइन किती तग धरेल, याची ती शिल्लक. साधारण ६ डेसिबलच्या खाली ती घसरली की लाइन डळमळते. वेग वाढवताना आपण ही शिल्लकच खर्च करत असतो. त्यात पावसाळ्यात जोडात पाणी शिरलं, तांबं हिरवं पडलं, की उरलेलीही जाते.

आता तपासणी. तिला खर्च नाही, पण तासभर वेळ हवा. घरातले सगळे फोन, माजघरात नेलेली जास्तीची वायर, सगळं काढून ठेवा. तार घरात शिरते त्या पहिल्या डब्यालाच मोडेम जोडा आणि बघा. तिथे लाइन टिकली तर दोष घरातला, म्हणजे स्वतः पिळून बांधलेला जोड, नाहीतर फोनसाठी लावलेली फिल्टरची डबी. फोनची घंटी वाजताच इंटरनेट जात असेल तर आधी त्या डबीवरच संशय घ्यावा. पहिल्या डब्यावरही लाइन तुटत असेल तर फोन उचलून एक आकडा दाबा आणि ऐका. खरखर ऐकू आली तर लाइनमनला तेच सांगा. ‘नेट चालत नाही’ या तक्रारीपेक्षा ‘पाऊस पडला की खरखर येते आणि लाइन तुटते’ ही तक्रार त्याला जोडापर्यंत लवकर नेते.

मोडेमचे सगळेच दिवे विझून पुन्हा लागत असतील, तर मात्र तारेला दोष देऊ नका. तो विजेचा किंवा अडॅप्टरचा प्रश्न आहे.

ज्यांच्याकडे फायबर आलं आहे, त्यांचं गणित निराळं. काचेच्या धाग्याला पन्नास मेगाबिट काय आणि शंभर काय, फारसा फरक पडत नाही. तिथे योजना बदलल्यावर अडचण आली तर आधी नव्या राउटरकडे पाहावं. पाच गिगाहर्ट्झचा वायफाय वेगवान खरा, पण आपल्याकडच्या जुन्या घरांच्या जाड मातीच्या भिंतींपुढे तो लवकर हात टेकतो. मागच्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झचाच बरा. राउटर कपाटामागे सरकवताना पिवळी केबल मुडपली असेल, तर ‘एलओएस’चा लाल दिवा लागतो.

तांब्याची तार असलेल्यांसाठी आणखी एक. एक्स्चेंजपासून घर चार-पाच किलोमीटरवर असेल तर जोड नवे केले तरी आठ मेगाबिट टिकणार नाही. अशा वेळी वेग कमी करून मागावा, कंपनीला तो तिच्याकडूनच बांधून देता येतो. आणि मग बिलही त्याच योजनेचं करून घ्यावं. हे बहुतेक जण विसरतात.