सैनिक घरी परततो तेव्हा

युद्धाच्या दिवसांत सैनिकाचे नाव प्रत्येकाच्या ओठी असते. तोच सैनिक गणवेश उतरवून गावी परतला की त्याचे पुढे काय होते, याचा विचार आपण क्वचितच करतो. नागपूरकरांना हा प्रश्न परका नसावा. शेजारीच कामठीला गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र आहे. शिपाई बहुधा पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो. मुले शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात आणि आयुष्य पुन्हा नव्याने मांडायचे असते.

अशा माणसासाठी योजना आखण्याची एक पद्धत आहे. तिला ‘मानवकेंद्री रचना’ म्हणतात. नाव भारदस्त असले तरी मुद्दा साधा आहे. ज्याच्यासाठी योजना करायची त्याचे जगणे आधी पाहावे, त्याला विचारावे, लहानसा नमुना करून त्यालाच वापरायला द्यावा आणि जेथे अडेल तेथे बदलावा.

‘जयपूर फूट’ हे याचे उत्तम उदाहरण होय. परदेशी धर्तीच्या कृत्रिम पायाला बूट लागे. तो लावून उकिडवे बसणे किंवा शेतातल्या चिखलात चालणे कठीण होते. १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी अनवाणी चालता येईल असा रबरी पाय घडविला. उणीव माणसात नव्हती, पायाच्या घडणीत होती!

आपल्या महाराष्ट्रातही जखमी जवानांसाठी मोलाचे कार्य झाले आहे. अपंग सैनिकांना हातव्यवसाय शिकविणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ साली मुंबईत निघाली व पुढे खडकीला आली. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर उपचार म्हणून पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदक विजेते ठरले. त्यांना काय येत नाही यापेक्षा काय येऊ शकेल, हे पाहिल्याचे ते फळ होते.

परंतु जो धडधाकट परततो त्याचे काय? केंद्र सरकारच्या गट ‘क’ च्या नोकऱ्यांत माजी सैनिकांसाठी १० टक्के जागा राखीव आहेत. त्याने दार उघडते, पण आतला माणूस कोण ओळखणार? आमच्या वस्तीतील एक काका सैन्यात अवजड वाहने दुरुस्त करीत. आज ते एका इमारतीच्या फाटकावर पहारा देतात. ते म्हणतात, “अर्जात शिक्षण विचारतात, वय विचारतात. हाताला काय येतं, ते कोणी विचारत नाही.” तो एक रकाना वाढविणे, हीच मानवकेंद्री रचनेची सुरुवात ठरेल.

हा प्रश्न आता आपल्या वयाचाही झाला आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेच्या मूळ नियमांनुसार चार वर्षांनंतर २५ टक्क्यांपर्यंतच अग्निवीर कायम होतात. बाकीचे ऐन तारुण्यात घरी परततात. आपले कितीतरी मित्र पहाटे मैदानावर भरतीसाठी धावत असतात. त्यांच्या पाचव्या वर्षाचा विचार आजच व्हायला हवा.

आपण कलाशाखेचे विद्यार्थी यंत्रे घडवू शकत नाही. पण माणसाचे बोलणे ऐकून नीट लिहून काढणे तर आपल्याला येते! आपापल्या वस्तीतील एका माजी सैनिकाजवळ बसून त्याच्या कामाची हकिकत लिहून घेतली, त्यावरून त्याचा अर्ज तयार करून दिला, तरी पुष्कळ झाले. सत्काराचा नारळ वर्षातून एकदा मिळतो. विचारपूस मात्र त्याला रोज हवी असते.