गोठणगाव ते ऑक्सफर्ड, व्हाया ल्हासा

अर्जुनी मोरगावहून गोठणगावच्या बाजूला गेलं की धानाच्या बांध्यांच्या मधोमध रंगीत पताका फडफडताना दिसतात. तालुक्यातल्या माणसाला त्याचं नवल राहिलेलं नाही. 'तिबेटी कॅम्प' १९७२ पासून इथेच आहे. त्याचं खरं नाव नोर्ग्येलिंग; पण निर्वासितांच्या कागदपत्रांत तो 'भंडारा' म्हणूनच ओळखला जातो, कारण तो वसला तेव्हा गोंदिया जिल्हा व्हायला अजून २७ वर्षं होती. जवळच प्रतापगड. गोंडकाळातला किल्ला, महाशिवरात्रीची जत्रा आणि ख्वाजा उस्मान हारूनींच्या नावाचा दर्गा, सगळं एकाच परिसरात. राजा आणि देव शेजारी नांदण्याची सवय या मुलखाला जुनी आहे. तिबेटी लोक मात्र असा इतिहास घेऊन आले, ज्यात राजा आणि धर्मगुरू ही दोन वेगळी माणसं नव्हतीच.

ही दोन पदं एकत्र कशी आली, ते पाहायला १६४२ सालात जावं लागतं. शिवाजीराजे तेव्हा बारा वर्षांचे होते. त्या वर्षी मंगोल सरदार गुश्री खानाने जिंकलेला तिबेट पाचव्या दलाई लामांच्या हवाली केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्लंडात राजा पहिला चार्ल्स आणि त्याची पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं. चार्ल्सचा पक्का समज होता की आपल्याला देवाने नेमलंय आणि चर्चचे प्रमुखही आपणच. एकीकडे धर्मगुरूच्या हाती राज्य आलं, दुसरीकडे स्वतःला धर्माचा धनी मानणाऱ्या राजाचं राज्य गेलं. ३० जानेवारी १६४९ ला त्याचा शिरच्छेदही झाला.

इंग्लंडच्या राजाकडे चर्च आलं कसं? आठव्या हेन्रीला घटस्फोट हवा होता, पोप देईना. १५३४ मध्ये हेन्रीने कायदा करून इंग्लंडच्या चर्चचं प्रमुखपद स्वतःकडे घेतलं. नवी शपथ घ्यायला ज्याने नकार दिला तो टॉमस मूर हा त्या काळातला युरोपात गाजलेला विद्वान. १५३५ मध्ये त्याचं डोकं उडवलं गेलं. पुढच्या पाच वर्षांत इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे आठशे मठ बंद करून त्यांच्या जमिनी राजाने ताब्यात घेतल्या. मठ म्हणजे नुसती प्रार्थनेची जागा नव्हे. ग्रंथालयं तिथेच होती. ती फुटली आणि शतकांच्या हस्तलिखितांची पानं रद्दीच्या भावाने दुकानदारांकडे गेली. हेन्रीच्या मुलाच्या काळात, १५५० मध्ये, ऑक्सफर्ड विद्यापीठाचं ग्रंथालय जवळजवळ रिकामं झालं. सर टॉमस बोडली या निवृत्त मुत्सद्द्याने पदरचा पैसा घालून ते १६०२ मध्ये पुन्हा उघडलं, तोवर पन्नास वर्षं गेली होती.

गंमत अशी की विद्येची वाट लावणाऱ्या याच हेन्रीने १५४६ मध्ये केंब्रिजला ट्रिनिटी आणि ऑक्सफर्डला क्राइस्ट चर्च ही दोन भव्य महाविद्यालयं उभी केली. पैसा मठांच्याच जमिनींचा. पुढे न्यूटन शिकला ते ट्रिनिटी हेच. राजाश्रयाचं हे असंच असतं: देतो तो हात आणि घेतो तो हात एकाच अंगाचे. आणि अटही आलीच. १५८१ पासून ऑक्सफर्डला प्रवेश घेताना सरकारी चर्चच्या ३९ कलमांवर सही करावी लागे. कॅथलिक, ज्यू आणि वेगळ्या पंथाच्या लोकांवरचे विद्यापीठांतले असे निर्बंध मुख्यतः १८७१ च्या कायद्याने उठले.

तिबेटची गोष्ट यापेक्षा फार सोज्वळ होती, असं समजायचं कारण नाही. पाचवे दलाई लामा थोर विद्वान होते. पोताला राजवाड्याचं बांधकाम १६४५ मध्ये त्यांनीच सुरू केलं. पण त्यांच्या राजवटीत जोनांग या वेगळ्या मताच्या पंथाचा मुख्य मठ दलाई लामांच्या गेलुग पंथाकडे वळवला गेला आणि तिथल्या ग्रंथांवर बंदी आली. त्यांच्या मागून त्यांच्याच दिवाणाने, सांग्ये ग्यात्सोने, १६९६ मध्ये ल्हासाला वैद्यक शिकवणारं चाकपोरी हे विद्यालय काढलं. याच गृहस्थाने दलाई लामांचा मृत्यू जवळजवळ पंधरा वर्षं लपवून ठेवला होता! राजकारण आणि विद्या एकाच डोक्यात किती आरामात राहू शकतात, याचं इतकं चोख उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

ल्हासाजवळची गांदेन, द्रेपुंग आणि सेरा ही तीन महाविहारं १४०९ ते १४१९ या दहा वर्षांतली. तिथली 'गेशे' पदवी मिळायला पंधरा-वीस वर्षं सहज लागतात. ग्रंथ आधी पाठ करायचे आणि मग वाद घालायचा. बसलेला भिक्षू आपली बाजू राखतो; उभा राहिलेला टाळी वाजवून, पाय आपटून प्रश्नांचा भडिमार करतो. कमी-अधिक हाच प्रकार युरोपात होता. ज्या केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली आपले र. पु. परांजपे पहिल्या क्रमांकाने आले, तिथेही जुन्या काळी पदवी मिळायची ती लॅटिनमध्ये तोंडी वाद घालून. तिबेटी भिक्षू ज्याच्या मतांवर असा तासन्‌तास भांडतात तो बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन तिबेटी परंपरेनुसार जन्माने वैदर्भीय. म्हणजे गोठणगावला ही विद्या परकी नाही. लांबचा फेरा मारून आलेली आहे.

मात्र ही विद्या मठाबाहेर फारशी गेली नाही, हेही खरं. १९४४ साली ल्हासात इंग्रजी शाळा उघडली. मठांचा विरोध इतका झाला की ती काही महिन्यांत बंद पडली. सत्ता हाती असलेल्या मठाला नव्या शाळेची भीती वाटली. हेन्रीच्या वारसांना वेगळ्या पंथाच्या विद्यार्थ्याची वाटायची, त्याच जातीची ही भीती.

मग १९५९ उजाडलं. त्या वर्षीच्या प्रार्थनोत्सवात सध्याच्या, तेव्हा तेवीस वर्षांच्या, दलाई लामांनी हजारो भिक्षूंसमोर गेशेची अंतिम परीक्षा दिली. १० मार्चला ल्हासात चिनी सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि महिनाअखेर ते भारतात पोहोचले. परीक्षेपासून परागंदा होईपर्यंत काही आठवडेच गेले. मागून आलेल्या भिक्षूंपैकी बऱ्याच जणांना पश्चिम बंगालमधल्या बक्सा इथे, इंग्रजांच्या जुन्या बंदीछावणीत ठेवलं गेलं. क्षयाने माणसं जात होती आणि वादसभा चालू होत्या. पुढे ही तिन्ही महाविहारं कर्नाटकात, मुंडगोड आणि बायलाकुप्पे इथे नव्याने उभी राहिली. बाकीची माणसं शेतीवाडीच्या वसाहतींत विखुरली. नोर्ग्येलिंग त्यांतलीच एक: पावसाळ्यात धान, हिवाळ्यात नागपूरसारख्या शहरात स्वेटरची दुकानं.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातली कळीची गोष्ट इथेच आहे. गादी हातची गेली आणि विद्येची दारं उघडली. निर्वासित झाल्यावर सामान्य तिबेटी मुलामुलींसाठी शाळा सरसकट सुरू झाल्या. नेहरूंच्या काळात, १९६१ मध्ये, त्यांच्यासाठी खास संस्था निघाली. मठांत आधुनिक विज्ञानाचे वर्ग आले. २०१६ मध्ये पहिल्यांदा वीस भिक्षुणींना 'गेशेमा' पदवी मिळाली. ल्हासात, सत्ता शाबूत असताना, हे झालं नसतं असं मला वाटतं. २०११ मध्ये दलाई लामांनी राजकीय अधिकार स्वतःहून सोडले आणि १६४२ ची व्यवस्था ३६९ वर्षांनी संपली. चार्ल्सच्या वेळी यासाठी कुऱ्हाड लागली होती.

हेन्रीचा कित्ता आज गिरवतंय ते बीजिंग. २००७ च्या चिनी आदेशानुसार लामाच्या पुनर्जन्मालाही सरकारी मंजुरी लागते. हेन्री निदान देव मानत होता! नव्वदीला आलेल्या दलाई लामांनी जुलै २०२५ मध्ये स्पष्ट केलं, की त्यांचा वारस ओळखण्याचा अधिकार त्यांच्या न्यासाचाच आहे.

तरी धर्म आणि सत्तेची फारकत दोन्हीकडे अर्धवटच आहे. ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहात आजही २६ बिशप बसतात. निर्वासित तिबेटी संसदेच्या ४५ जागांपैकी दहा धर्मपंथांच्या आहेत, त्यामुळे भिक्षू दोनदा मत देतो, एकदा प्रांतासाठी आणि एकदा पंथासाठी. कॅम्पात धान पिकवणाऱ्याला मात्र प्रांताचंच मत मिळतं.