डायल चकचकीत, म्हणून घड्याळ अस्सल?

चोर बाजारातून किंवा ऑनलाइन घेतलेलं चावीचं एचएमटी घरी आलं, की आधी डायलचं कौतुक होतं. एक डाग नाही, अक्षरं ठसठशीत. आधीच्या मालकानं जिवापाड जपलं असणार! खरं तर संशय इथूनच घ्यावा. पन्नास वर्षांच्या डायलवर थोडा पिवळेपणा, कडेला एखादा ठिपका येतोच. कोरा करकरीत डायल बहुधा नव्यानं रंगवलेला असतो. हा उद्योग आपल्याकडे इतका जोरात चालतो, की जगभरच्या संग्राहकांत अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात.

दहापट भिंग लावून बघा. कारखान्यातल्या छपाईत अक्षरांच्या कडा स्वच्छ, रेखीव दिसतात. नव्यानं छापलेल्यात शाई किंचित पसरते, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत, काट्यांच्या भोकाभोवती रंगाचा थर जाड दिसतो. घड्याळजीकडून मशीन केसबाहेर काढून घेतलं, तर कधी डायलच्या कडेला कानशीनं मारलेली बारीक खाच सापडते. ती पुन्हा रंगवणाऱ्याची खूण. अशी खाच दिसली, की मला पुढचं काही तपासावंसं वाटत नाही.

‘आतलं मशीन ओरिजिनल आहे, मग झालं’ हा त्याहून पक्का गैरसमज. एचएमटीचा घड्याळ कारखाना सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्यानं १९६१ साली बंगळुरूत सुरू झाला. पुढे ‘जनता’ आणि ‘पायलट’ या दोन्ही मॉडेलांत ०२३१ हेच मशीन आलं. त्यामुळे जनताच्या मशीनवर पायलट नावाचा नवा डायल बसवला, तर मागचं झाकण उघडूनही मशीन चुगली करत नाही. मशीन खरं, डायल कालचा, केस तिसऱ्याच घड्याळाचं. बाजारात असा माल भरपूर आहे.

सेकंद काटा न थांबता सरकतो, हाही पुरावा नव्हे. ताशी १८,००० ठोक्यांचं मशीन सेकंदाला पाच ठोके देतं, म्हणून काटा वाहता दिसतो. नकली घड्याळात यांत्रिक मशीन असलं तर तिथेही तेच. ‘१७ ज्वेल्स’ म्हणजे कृत्रिम माणकाची बेअरिंगं, दागिना नव्हे. घड्याळ मागे पडतं म्हणून ते खोटं, असंही नाही. आतलं तेल सुकलेलं असतं.

जुन्या स्विस घड्याळाची रात्रीची चमक मात्र नीट पाहावी. सहाच्या आकड्याखाली ‘टी स्विस मेड टी’ असेल, तर चमकीत ट्रिटियम आहे. त्याचं अर्धायुष्य साधारण १२ वर्षांचं, म्हणजे साठच्या दशकातला डायल आज रात्रभर उजळत असेल, तर चमकी नंतर भरलेली आहे. त्याआधीच्या डायलांवर रेडियम असे. तेही आता चमकत नाही, कारण त्यातली प्रकाश देणारी पूड केव्हाच झिजली. रेडियमचं अर्धायुष्य मात्र सुमारे १,६०० वर्षांचं आहे. म्हणजे चमक गेली तरी किरणोत्सर्ग चालूच असतो, म्हणून असा डायल घरी उघडून खरवडायचा नाही.