कपटे आणि खळ

ट्रामचे वापरलेले तिकीट, मिठाईवरचे वेष्टन, जाहिरातीचा फाटका तुकडा, टपालशिक्का बसलेला लिफाफ्याचा कोपरा, अशा टाकून दिलेल्या कपट्यांतून जो चित्र रचतो त्याची गणना कलावंतांत करावी की विक्षिप्तांत, हा प्रश्न १९१९ साली जर्मनीतील हानोव्हर येथील कुर्ट श्विटर्स याच्या कोलाजचित्रांनी उपस्थित केला. ड्रेस्डेनच्या अकादमीत रीतसर शिकलेल्या या मनुष्याला हस्तकौशल्याची वाण नव्हती. परंतु महायुद्धाने सारेच मोडून पडले असता नवे जे उभारावयाचे ते त्या मोडतोडीतूनच, अशी त्याची निष्ठा होती. आपल्या कलेस त्याने दिलेले ‘मेर्त्स’ हे नावसुद्धा कपट्यावरचेच. ‘कोमेर्त्स उंड प्रिव्हाटबांक’ या पेढीच्या छापील मजकुरातून कापून घेतलेले, स्वतःचा काहीएक अर्थ नसलेले.

मात्र कपटे कसेही डकवले की कोलाज झाले, असा समज कोणी करून घेऊ नये. कागदावर पीठपाण्याची खळ पसरावी, ती ओली आहे तोवर तुकडे इकडून तिकडे सरकवीत राहावे, चुरगळलेले बारीक कपटे बोटांच्या टोकांनी तिच्यात दाबावे, आणि सरतेशेवटी जादा खळ ओल्या फडक्याने टिपताना जेथे एखादा रंग मंद करावयाचा तेथे तिचा पातळ पडदा मुद्दाम राहू द्यावा, अशी त्याची रीत होती. हे काम तैलचित्राइतकेच साक्षेपाचे आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात असलेल्या त्याच्या १९२१ च्या ‘चेरीचे चित्र’ या कृतीत, मुलांना शब्द शिकविण्याच्या पत्त्यावरील चेरीच्या घोसाजवळ, व्याकरणाची चूक तशीच ठेवून, प्रेमाची कबुली लिहिली आहे. ती चूक मला फार हृद्य वाटते.

नाझी राजवटीने १९३७ मध्ये म्युनिकच्या ‘अधःपतित कला’ प्रदर्शनात त्याची चित्रे हेटाळणीसाठी टांगली. त्याच वर्षी त्याने नॉर्वे गाठले, १९४० मध्ये ब्रिटन. तेथे शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून आइल ऑफ मॅनच्या छावणीत त्याची रवानगी झाली. हानोव्हरच्या राहत्या घरात वर्षानुवर्षे रचलेला त्याचा ‘मेर्त्सबाऊ’, म्हणजे खोल्या व्यापणारी मेर्त्स-वास्तू, १९४३ च्या बॉम्बवर्षावात नष्ट झाला. पुढे अँबलसाइड येथे व्यक्तिचित्रे रंगवून कशीबशी गुजराण चालली असतानाही त्याने कपटे वेचणे सोडले नाही. ब्रिटिश नागरिकत्व मंजूर झाल्याचे पत्र त्याला ७ जानेवारी १९४८ रोजी मिळाले. दुसऱ्या दिवशी केंडाल येथे त्याचे निधन झाले.