सूर्य समोर असताना

गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर, मावळत्या सूर्यासमोर आईला उभं करून मी एक फोटो काढला होता. रोल धुऊन आला तेव्हा आईच्या गालावर हिरवट गोल डाग, आणि सगळं चित्र धुक्यातून पाहावं तसं फिकट! आईचा तो शेवटचा प्रवास. दुसरा फोटो नाही.

दोष कॅमेऱ्याचा, असं मी बरीच वर्षं समजत होतो. कारण वेगळंच आहे. लेन्समध्ये एक नव्हे, अनेक भिंगं असतात. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. १९३५ मध्ये जर्मनीत झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर पातळ थर चढवून हे परावर्तन कमी केलं. पण सूर्य इतका प्रखर, की उरलासुरला प्रकाशही भिंगाभिंगांत उलटसुलट फिरतो. त्याचेच हे डाग आणि हा धूसरपणा.

उपाय सोपे आहेत. आधी लेन्स पुसा. मोबाइलवर तर बोटाचा ठसाही फोटो बिघडवतो. पुढचा फिल्टर काढा. सूर्य चौकटीबाहेर असेल, तर हूड लावा किंवा तळहाताची सावली लेन्सवर धरा. चौकटीतच असेल, तर हूड कामाचा नाही. थोडं सरकून सूर्य माडाच्या खोडाआड घ्या. कॅमेऱ्याच्या भिंगातून सूर्याकडे पाहू मात्र नका, डोळ्यांना इजा होते.

आणि जागा बदलून दुसरा फोटो जरूर काढा. त्या संध्याकाळी मी एक पाऊल सरकलो असतो, तरी पुरे होतं.