सनदेची तारीख

आपल्या मंडळातल्या घरांत इंजिनिअर उदंड, सीए बऱ्यापैकी, डॉक्टर थोडे. वकील मात्र शोधावे लागतात. त्यामुळे माझ्या मावसबहिणीने बडोद्यात कायद्याला प्रवेश घेतला, तेव्हा पुढची वाट सांगणारे घरात कोणी नव्हते. तिला न्यायाधीश व्हायचे आहे. फॉर्म भरायचे काम नेहमीप्रमाणे ‘कॉम्प्युटरवाल्या दादा’कडे आले. मी बी.ई.; कायद्याशी माझा संबंध भाडेकरारापुरता. पण तिच्याबरोबर नियम वाचत गेलो आणि एक गोष्ट दिसली, जी आपल्या मुलामुलींना वेळेवर कोणी सांगत नाही. पदवी कधी मिळाली यापेक्षा सनद कोणत्या तारखेला मिळाली, हे पुढे जास्त महत्त्वाचे ठरते.

कारण सांगतो. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदाच्या परीक्षेला बसायचे तर किमान तीन वर्षांची वकिली हवी. त्याआधी बरीच वर्षे ताज्या पदवीधरांनाही बसता येत होते. ही तीन वर्षे मोजायची तात्पुरत्या नोंदणीपासून, म्हणजे राज्याच्या बार कौन्सिलच्या पटावर नाव चढले त्या दिवसापासून. अखिल भारतीय बार परीक्षेच्या निकालापासून नव्हे. आता एखादा दाखला जुळत नाही म्हणून नोंदणी चार महिने लांबली, तर पुढे एखादी जाहिरात हातची जाऊ शकते. आणि अशा जाहिराती काही दर महिन्याला येत नाहीत.

दाखले न जुळणे हा तर आपला, म्हणजे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांचा, खास आजार. गुजरातेत शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी येते, वडिलांचे नाव शेवटी जाते आणि त्याला कोणीतरी प्रेमाने ‘भाई’ जोडतो. घरच्या जुन्या कागदांवर तेच नाव ‘राव’ लावून असते. आधारवर दोन्ही नसते. बेळगाव आणि हैदराबादकडच्या मित्रांकडे आद्याक्षरांचा घोळ असतो : कुठे नावापुढे, कुठे नावामागे, कुठे पूर्ण विस्तार. मी एक साधी एक्सेल शीट केली. ओळींत कागद, रकान्यांत नाव, वडिलांचे नाव, आडनाव, जन्मतारीख. सात कागदांत काकांची चार रूपे निघाली. काका म्हणाले, “अरे, मी एकटाच आहे रे!”

हसण्यावारी गेले, पण दुरुस्तीला वेळ लागतो. बोर्डाच्या गुणपत्रिकेतला बदल शाळेमार्फत जातो. शाळेच्या कार्यालयात आम्ही तीन खेपा घातल्या. दर वेळी ‘साहेब रजेवर’. काही ठिकाणी प्रतिज्ञापत्रावर भागते, काही ठिकाणी राजपत्रात नाव छापून आणावे लागते. हे काम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच उरकावे, निकालाची वाट पाहू नये. पदवी प्रमाणपत्रावर चूक एकदा छापली गेली की दुरुस्तीची रांग आणखी लांबते.

इंटर्नशिपचेही तसेच. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे इंटर्नशिप लागते, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. म्हणजे शेवटच्या वर्षी सगळे एकदम उरकू म्हटले तर जमत नाही. वकीलसाहेबांकडून काम संपले त्याच दिवशी सही-शिक्क्याचे पत्र घ्या. नंतर साहेब ओळखतात, पण तारखा आठवत नाहीत.

पैशांच्या बाबतीत मात्र चांगली बातमी. अधिवक्ता कायदा, १९६१ च्या कलम २४ प्रमाणे नोंदणी शुल्क ७५० रुपये (६०० राज्य कौन्सिलचे, १५० बार कौन्सिल ऑफ इंडियाचे) आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये. तरीही राज्ये कितीतरी पट घेत असत. न्यायालयापुढे गुजरातचा आकडा २५,००० आणि ओडिशाचा ४२,१०० असा आला होता. ३० जुलै २०२४ च्या निकालाने कायद्यातल्या रकमेपेक्षा जास्त घेण्याला मनाई झाली. मुद्रांक शुल्क तेवढे वेगळे.

सनद कोणत्या राज्यातून काढायची, हा प्रश्न सीमेवरच्या घरांत हमखास निघतो. जिथे मुख्यतः वकिली करायची आहे तिथून काढावी. एका वेळी दोन राज्यांच्या पटांवर नाव ठेवता येत नाही, पण कलम १८ ने बदली करून घेता येते आणि कायद्याच्या शब्दांत तिला शुल्क नाही. शिवाय कलम ३० प्रमाणे सनद कुठलीही असली तरी देशभरातल्या न्यायालयांत उभे राहता येते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. बेळगावच्या मुलांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांच्यासाठी ते धारवाडाइतके नसले तरी फार लांब नाही.

आता संशोधनाच्या संधी. ‘वकिली म्हणजे काळा कोट’ एवढेच चित्र आपल्यापुढे असते, म्हणून या बाजूकडे कोणी बघत नाही. सर्वोच्च न्यायालय न्यायमूर्तींच्या हाताखाली ‘लॉ क्लर्क-कम-रिसर्च असोसिएट’ नेमते. २०२५ च्या जाहिरातीत मानधन महिना ८०,००० रुपये, वय २० ते ३२, आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात. वस्तुनिष्ठ चाचणी, लेखी परीक्षा आणि मुलाखत अशा तीन पायऱ्या असतात. बरीच उच्च न्यायालयेही असे सहायक घेतात. मला यातला सर्वांत मोलाचा भाग पैशांचा वाटत नाही : त्याच मे २०२५ च्या निकालाने लॉ क्लर्क म्हणून केलेले काम तीन वर्षांच्या अनुभवात धरले आहे. ज्याच्या घरात वकील नाही, ज्याला ओळखीने कोणाचे चेंबर मिळत नाही, त्याच्यासाठी परीक्षा देऊन आत शिरायचा हा सरळ दरवाजा आहे.

एक सावधगिरी. सनद घेऊन कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी धरली, तर बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. सनद कपाटात ठेवून तीन वर्षे आपोआप भरत नाहीत. अनुभवाचा दाखला किमान दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाने द्यायचा आणि त्यावर स्थानिक प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची मान्यता घ्यायची, असा नियम आहे. म्हणून कोणत्या तारखेला कोणत्या प्रकरणात काम केले, याची वही पहिल्या दिवसापासून ठेवा.

भाषेचा कागद मात्र कुठल्याच कचेरीत मिळत नाही. महाराष्ट्रात न्यायाधीश व्हायचे तर मराठी अस्खलित लिहिता-वाचता आणि इंग्रजीतून भाषांतर करता आले पाहिजे. गुजरातेत तीच अपेक्षा गुजरातीची. आमच्या बाईसाहेब घरात मराठी बोलतात, रिक्षावाल्याशी गुजराती, आणि लिहितात फक्त इंग्रजी. सर्वोच्च न्यायालयाचे बरेच निकाल आता संकेतस्थळावर मराठी आणि गुजराती भाषांतरात फुकट वाचता येतात. सध्या ती रोज त्यातले एक पान घेते आणि मूळ इंग्रजी झाकून दोन्ही भाषांत लिहून काढते. मराठीचे ऱ्हस्व-दीर्घ आजी तपासते. गुजरातीसाठी शेजारच्या शहामावशींना पकडले आहे.