आवाहन मशिदीतून, सवाल मोहल्ल्यातून

२००२ साली भारतात पोलिओचे सुमारे १,६०० रुग्ण आढळले. त्यातले बहुसंख्य उत्तर प्रदेशातले होते, आणि तिथल्या गरीब मुस्लिम वस्त्यांतले प्रमाण लोकसंख्येच्या मानाने बरेच जास्त. लसीचे थेंब घेतलेली मुले पुढे निपुत्रिक राहतात, अशी अफवा मोहल्ल्यांत पसरली होती. आणीबाणीतली नसबंदी लोक विसरले नव्हते. त्यात एरवी न फिरकणारे आरोग्य खाते नेमक्या याच थेंबांसाठी पुन्हा पुन्हा दारात उभे राही. संशय यायला एवढे पुरेसे होते.

सरकारी पत्रकांनी भागेना, तेव्हा युनिसेफने अलिगड मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया इस्लामिया आणि जामिया हमदर्द या संस्थांना सोबत घेतले. रोटरीने उलेमांची समिती उभी केली. एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या देवबंदी आणि बरेलवी मंडळींनीही लसीच्या बाजूने आवाहने काढली. घरोघर जाणाऱ्या स्वयंसेविका ही छापील आवाहने जवळ बाळगत. मोहिमेच्या दिवशी मशिदीच्या भोंग्यावरून पुकारा होई आणि पोरांच्या ‘बुलावा टोळ्या’ गल्लीगल्लीतून लहानग्यांना बूथवर आणत. डोस झालेल्या घरावर खडूने ‘पी’, राहिलेल्या घरावर ‘एक्स’. ‘एक्स’च्या घरी मग इमाम किंवा मोहल्ल्यातले कुणी वजनदार माणूस समजूत घालायला जाई.

पण इमाम म्हणजे काही खात्याचे निरोपे नव्हते. मोहल्ल्याचे म्हणणेही त्यांना ऐकून घ्यावे लागे. गटारे तुंबलेली, मुलांना जुलाब, दवाखान्यात डॉक्टर नाही, मग पोलिओचीच एवढी काळजी का, असा लोकांचा सवाल होता. तो रास्तच होता, आणि वैद्यकशास्त्रही त्याच बाजूचे निघाले: वारंवार जुलाब होणाऱ्या मुलांच्या आतड्यात तोंडावाटे दिलेली लस नीट लागू पडत नाही. २००९ मध्ये उत्तर प्रदेश आणि बिहारमधल्या १०७ जोखमीच्या विकासगटांसाठी वेगळी योजना आखली गेली. तिच्यात थेंबांच्या जोडीला शौचालये, स्वच्छ पाणी, साबणाने हात धुणे आणि जुलाबावर जलसंजीवनी व झिंक आले.

वन्य पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. मोहल्ल्यांत तयार झालेले स्वयंसेविकांचे जाळे त्यानंतर गोवरासारख्या इतर लसींच्या नियमित कामाला लावण्यात आले.